आडवं अक्षर

शाळेत बाईंनी एकदा प्रत्येकाला विचारलं, की तुमच्या घरात कोण काय काम करतं. माझी पाळी आली तशी मी ताठ उभी राहिले आणि सांगितलं, "माझा मामा घोड्यांचे फोटो काढतो." वर्ग खिदळला. बाईंनाही गंमत वाटली. घोडे कॅमेऱ्याकडे नीट बघतात का गं, असं त्यांनी विचारलं. "बघून काय करायचंय," मी म्हटलं, "तो आतून काढतो." पुढे वर्षभर वर्गात मला 'आतून' याच नावानं हाक मारायचे. मी रडकुंडीला येऊन मामाला सांगितलं, तर तो दोन दिवस स्वतःशीच हसत होता. "चूक काय सांगितलंस त्यात?" म्हणाला.

मामा घोड्यांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. चौतीस वर्षं काढले. मी पुढे घोड्यांची डॉक्टर झाले ती त्याच्यामुळे आणि त्याच दवाखान्यात नोकरीला लागले तीही त्याच्यामुळे. आज त्याच्याविषयी लिहायला बसले त्याला कारण मात्र एकच फोटो आहे. भुरी नावाच्या एका घोडीच्या पुढच्या उजव्या पायाचा, बावीस वर्षांपूर्वीचा. त्या फोटोत भेग होती का, आणि असली तर ती आपल्याला दिसायला हवी होती का, हा प्रश्न मामानं बावीस वर्षं कुणाला विचारला नाही आणि एक दिवसही डोक्यातून काढला नाही.

दवाखाना म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या सरावाच्या मैदानामागची लांबलचक बैठी इमारत. दारं इतकी उंच, की पहिल्यांदा येणारा माणूस उगाचच मान ताठ करून आत शिरायचा. एक्स-रेची खोली अगदी टोकाला. खाली रबराची जमीन, भिंतींवर कमरेच्या उंचीपर्यंत खुरांचे ओरखडे, कोपऱ्यात खुंटीला अडकवलेले शिशाचे दोन जड अंगरखे. मामाचा अंगरखा डावीकडचा. तो घालून घालून मामाचा एक खांदा खाली आला होता. शर्ट शिवायला टाकताना मामी शिंप्याला दर वेळी बजावायची, की डावीकडून जरा उतरतं माप घ्या, आणि शिंपी दर वेळी विसरायचा.

घोड्याला मामा कधी 'थांब' म्हणायचा नाही. "घाई नाही, तुझं होऊ दे," म्हणायचा. मग घोडा इकडेतिकडे बघून घ्यायचा, नाकातून फुरफुरायचा, पाय बदलायचा आणि शेवटी कंटाळून उभा राहायचा. डॉक्टर लोकांना ज्या जनावरासाठी गुंगीचं इंजेक्शन लागायचं त्याच्यासाठी मामाला पाच मिनिटं लागायची. मालक बाजूला उभा राहून आरडाओरडा करायला लागला तर मामा अदबीनं म्हणायचा, "साहेब, जरा बाहेर चहा घेता का? तुमच्यासमोर तो लाजतोय." मालक बाहेर जायचा. त्याला तो मोठेपणा वाटायचा.

फोटो घेण्याआधी फिल्मच्या प्लेटच्या कडेला शिशाचं एक अक्षर चिकटवायचं असतं. डाव्या पायाला एल, उजव्याला आर. फोटोत ते पांढरंशुभ्र उमटतं आणि पाय कोणता ते कळतं. त्या अक्षरांची एक पत्र्याची डबी मामाच्या खिशात असायची. अक्षर लावताना तो अशी जीभ बाहेर काढून, डोळा मिटून नेम धरायचा, की जणू भिंतीवर आजोबांची तसबीर सरळ करतोय. मला तेव्हा वाटायचं, एवढा नखरा कशाला? कसंही लावलं तरी एल तो एल.

शेजारी अंधारी खोली. तांबडा दिवा, रसायनांच्या तीन टाक्या, वर दोरीला चिमट्यांनी लटकवलेल्या ओल्या फिल्म आणि त्यांच्यातून ठिबकणारं पाणी. तो आंबूस वास मामाच्या कपड्यांत इतका मुरला होता, की मामी म्हणायची, "तुझा मामा जिन्यात असतो तेव्हाच घरात पोचलेला असतो." भिंतीवर घड्याळ होतं, पण मामा त्याच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. तो एक गाणं गुणगुणायचा. त्याला शब्द नव्हते, चालही त्याचीच. फिल्म टाकीत सोडली की सुरू, आणि गाणं संपलं की फिल्म बाहेर. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षी मी शिकाऊ म्हणून त्या दवाखान्यात होते, तेव्हा मी चोरून वेळ लावून बघितली होती. पाच वेळांत मिळून दोन सेकंदांचा फरक पडला. आता प्लेटवरून फोटो थेट पडद्यावर येतो, क्षणात, कोरडा ठणठणीत. काम वाचलं, तक्रार नाही माझी. पण त्या दोन-चार मिनिटांच्या अंधारात मामाच्या शेजारी उभं राहून काय निघतंय याची वाट बघण्यात जे होतं, ते गेलं ते गेलंच.

त्या दवाखान्याचा एक नियम होता आणि तो मोठ्या डॉक्टरांनी केलेला होता. फोटो काढणाऱ्यानं फोटोविषयी तोंड उघडायचं नाही. मोठे डॉक्टर म्हणजे बडं प्रस्थ. त्यांच्या नजरेचा दूरदूरपर्यंत बोलबाला होता. कुणालाही न दिसणारी, केसाएवढी भेग त्यांना दिसते, असं लोक म्हणायचे, आणि ते खरंही होतं. एखाद्या नव्या माणसानं फोटो हातात देता देता "इथं काहीतरी वाटतंय" असं म्हटलं, की ते चष्म्यावरून बघून म्हणायचे, "काढायचे तुम्ही, बघायचे आम्ही." मामानं हा नियम अक्षरशः पाळला. मी विचारायचे, "मामा, यात काही आहे का रे?" तर "मला काय कळतंय?" म्हणून तो फिल्म चिमट्याला लावायचा आणि जाता जाता पुटपुटायचा, "पण तू एवढ्या लवकर पुढं जाऊ नकोस. खालच्या सांध्यापाशी जरा बसून घे." मी बसायचे. दहा मिनिटांनी मला ती भेग दिसायची. कॉलेजात जे चार वर्षांत शिकले नाही ते मी त्या 'मला काय कळतंय'मधून शिकले.

भुरी त्याच वर्षीची. राखाडी रंगाची, मोठ्या डोळ्यांची, शर्यतीत फारशी नाव काढणारी नव्हे, पण स्वभावानं लाख. मामा प्लेट धरून खाली वाकला, की ती त्याच्या उतरलेल्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहायची. इंजेक्शन नाही, दोरी नाही. "हिचा फोटो काढायला मी लागतच नाही," मामा म्हणायचा, "ही सांगितलं तर बटणही दाबेल." एका सकाळी ती आली ती पुढचा उजवा पाय जरा जपून टाकत होती. लंगडणं म्हणावं असंही नाही. मामानं फोटो काढला. अंधाऱ्या खोलीत मी शेजारीच होते. गाणं संपलं, मामानं फिल्म उचलली, तांबड्या दिव्यासमोर धरली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरली, एवढं मला आठवतं. मग चिमट्याला लावली. मोठ्या डॉक्टरांनी ती उजेडाच्या पेटीवर ठेवून बघितली आणि वहीत लिहिलं, 'दोष नाही'.

आठव्या दिवशी सकाळी सरावात, भर वेगात, भुरीचा तो पाय गुडघ्याखाली नळीच्या हाडात मोडला. असा मोडला, की करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही धावत मैदानावर पोचलो तेव्हा ती उठायचा प्रयत्न करत होती. मामानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि "घाई नाही, घाई नाही," म्हणत राहिला. मोठ्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. तिचा श्वास थांबल्यावरही मामा बराच वेळ तेच म्हणत होता. मी रडत होते, त्यामुळे त्याच्याकडे फार लक्ष दिलं नाही. घरी मामीला वाटलं, याला ताप आलाय. तीन दिवस त्यानं घोटभर चहाखेरीज काही घेतलं नाही. लाडकी घोडी गेली, दुःख होणारच, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. एक गोष्ट तेवढी माझ्या ध्यानात आली. त्यानंतर मामा फिल्म टाकीत सोडली की घड्याळाकडे बघू लागला.

पुढं मोठे डॉक्टर वारले, मामा निवृत्त झाला, टाक्या भंगारात गेल्या, आणि मी दवाखान्यातली जुनी डॉक्टर म्हणून ओळखली जाऊ लागले, जे मला अजिबात आवडत नाही. मग गेल्या वर्षी ते मशीन आलं.

मशीन म्हणजे खरं तर कॉम्प्युटरमधला प्रोग्राम. कृत्रिम बुद्धिमत्ता असं त्याचं भारदस्त नाव. त्याला घोड्याच्या पायाचा एक्स-रे दाखवायचा, आणि भेग असण्याची शक्यता शंभरात किती, ते तो सांगणार. डॉक्टरनं त्यावर विसंबून राहायचं नाही, पण दुसरी नजर म्हणून वापरायचं. शिकवायचं कसं, तर जुने फोटो आणि त्या त्या फोटोबद्दल डॉक्टरांनी वहीत काय लिहिलंय ते, असं जोडीनं दाखवत राहायचं. तो आपलं आपण शिकतो. आमच्याकडे कपाटांत चाळीस हजार फिल्म पडून होत्या, बहुतेक मामाच्या हातच्या. एक इंजिनिअर मुलगी आली. हसतमुख, बारीक अंगाची आणि जेवण विसरणारी. तिनं सहा महिने खपून सगळ्या फिल्म स्कॅन करवल्या, वह्या उतरवून घेतल्या आणि मशीनला शिकवलं. मग बाजूला ठेवलेल्या जुन्या फोटोंवर त्याची परीक्षा घेतली, तर शंभरात सत्त्याण्णव बरोबर. व्यवस्थापक हवेत तरंगायला लागले. मोठ्या डॉक्टरांची नजर मशीनमध्ये उतरली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले.

मग आम्ही त्याला या वर्षीचे फोटो दाखवले आणि त्यानं माती खाल्ली. एका शिंगरीच्या पायात भेग होती, शिकाऊ पोरांनाही दिसेल अशी. मशीन म्हणालं, शंभरात तीन. माझं डोकंच फिरलं. "हा तुमचा विद्वान उद्या एखादीला मारेल," मी इंजिनिअरला सुनावलं. ती बिचारी शांतपणे म्हणाली, "तो बघतो कुठे, ते बघता येतं. थांबा." तिनं एक जुना फोटो पडद्यावर आणला, भेग असलेला, मशीननं अचूक ओळखलेला. मशीनची नजर जिथे सर्वांत जास्त रेंगाळली तिथे लाल डाग दिसतो. मला वाटलं, डाग भेगेवर असेल. डाग हाडावर नव्हताच. तो कोपऱ्यात होता, शिशाच्या अक्षरावर.

तिनं दुसरा काढला, तिसरा काढला, तीस काढले. सगळीकडे तेच. आणि तिसाव्या फोटोपर्यंत मला दिसलं, की या सगळ्या फोटोंत अक्षर आडवं आहे. एल किंवा आर, पण झोपलेलं. निर्दोष फोटोंत ते सरळ उभं. मशीन हाड वाचायला शिकलंच नव्हतं. अक्षर आडवं दिसलं की भेग आहे म्हणायचं, एवढंच ते शिकलं होतं. आता अक्षरं कॉम्प्युटरच छापतो, ती नेहमीच सरळ, म्हणून नव्या फोटोंत त्याचे डोळे गेले. "चुकून आडवी लागली असतील का हो?" इंजिनिअरनं विचारलं. मला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाला दुसऱ्याच्या घरातलं पायपुसणंही वाकडं बघवत नाही, तो चाळीस हजारांत एक अक्षर चुकून आडवं लावेल?

त्याच संध्याकाळी मी छापील प्रती घेऊन मामाकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीशी त्याची खुर्ची. मामा मिक्सर उघडून बसला होता. मी फोटो टेबलावर पसरले आणि म्हटलं, "मामा, हे काय आहे?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कुणी शोधलं?"

"मशीननं."

मामा हसला. मग त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलं नाही. "चला, कुणीतरी वाचलं," म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. फिल्म धुऊन निघाली, की तांबड्या उजेडात पहिली नजर त्याची पडायची. काही दिसलं तरी बोलायची सोय नव्हती. म्हणून तो "फोटो जरा हललाय" असं सांगून तो बाद करायचा, त्याच जागेचा आणखी एक फोटो घ्यायचा, आणि या जास्तीच्या फोटोत अक्षर आडवं लावायचा. बाकी काही नाही. मोठ्या डॉक्टरांच्या हातात तो फोटो गेला, की ते तिथे जास्त वेळ बसायचे.

"म्हणजे त्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"आम्ही कधी बोललो नाही त्यावर."

मामी चहाचे कप ठेवता ठेवता थबकली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही साहेबांना गुपचूप चिठ्ठ्या पाठवत होता? आणि मी दुकानातून चार वस्तू आणायला सांगितल्या तर दोन विसरून येता!"

"तुझ्या चिठ्ठ्या सरळ असतात गं," मामा म्हणाला, "म्हणून लक्षात राहत नाहीत."

आम्ही तिघं हसलो. माझ्या मनात मात्र संताप होता. ज्या नजरेचा एवढा डंका वाजला ती अर्धी या माणसाची होती आणि चौतीस वर्षांत कुणी त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. आणि मी काय सांगायला आले होते? तर मशीनला नीट शिकवायचं तर ही अक्षरं झाकावी लागणार. चाळीस हजार फोटोंतून एकूण एक. मामाचं तेवढंच बोलणं होतं, आणि ते मला पुसून टाकायचं होतं. मी चाचरत सांगितलं.

"झाक की," मामा म्हणाला. "त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. कॉपी करून पास झालेला काय कामाचा?" मग बराच वेळ तो मिक्सरच्या स्क्रूशी खेळत बसला. मामी आत गेल्यावर म्हणाला, "एक काम करशील? तो नीट शिकला, की त्याला एक फोटो दाखव. भुरीचा."

मग त्यानं ते सांगितलं, जे त्यानं मामीलाही सांगितलं नव्हतं. भुरीच्या आधी दोन आठवडे एका घोड्याच्या फोटोला त्यानं आडवं अक्षर लावलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी त्या घोड्याला चार महिने विश्रांती सांगितली. मालकानं बाहेरच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला काही नाही. मालक येऊन सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलून गेला. तो गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी मामाला बोलावलं आणि सगळ्या स्टाफदेखत म्हणाले, "अक्षर सरळ लावायला काय होतं हो तुम्हाला?" त्यांना माहीत होतं हे मामाला त्या दिवशी कळलं, आणि ते असं कळलं.

"मग भुरी आली," मामा म्हणाला. "फोटोत मला काहीतरी वाटलं. पण खात्री नव्हती. आधीच तोंडघशी पडलो होतो. म्हटलं, नसेलही. दुसरा फोटो घेतला नाही." तो थांबला. "नंतर मी तो फोटो परत बघितलेला नाही. तुझ्या मशीनला कुणाची भीडभाड नाही. त्याला दिसली नाही, तर मलाही दिसायचं काही कारण नव्हतं. तेवढं मला एकदा कळू दे."

दुसऱ्या दिवशी मी एकटीनं भुरीचा फोटो काढून बघितला. दिसते म्हटलं तर दिसते, नाही म्हटलं तर नाही. मी तो बंद करून ठेवला आणि देवाशपथ सांगते, मनात म्हटलं, मशीननं नाही म्हणावं.

अक्षरं झाकून सगळं पहिल्यापासून शिकवायला दीड महिना गेला. या वेळी गुण पडले शंभरात अठ्ठ्याऐंशी. व्यवस्थापकांचं तोंड उतरलं, पण हे अठ्ठ्याऐंशी खरे होते. नव्या फोटोंवरही तेवढेच पडले, आणि लाल डाग आता हाडावर पडत होता. मग एका दुपारी मी मामाला दवाखान्यात घेऊन आले. मामीनं त्याला इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलं होतं. "त्या शहाण्याला माझा नमस्कार सांगा," म्हणाली होती. इंजिनिअर उभी राहिली. "तुम्हीच ते आडव्या अक्षराचे!" असं म्हणून तिनं त्याला आपली खुर्ची दिली. मामा लाजला. एवढ्या मोठ्या पडद्यासमोर तो पहिल्यांदाच बसत होता.

भुरीचा फोटो आला. कोपऱ्यात अक्षराच्या जागी काळा चौकोन. मामानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. इंजिनिअरनं बटण दाबलं आणि आकडा आला. भेगेची शक्यता, शंभरात चार.

माझा जीव भांड्यात पडला. मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सुटलास, मामा," म्हटलं. "बावीस वर्षं उगाच जाळलंस स्वतःला."

मामा पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "जरा मोठा होतो का हा?" इंजिनिअरनं मोठा केला. तो खुर्ची पुढे ओढून इतका जवळ गेला, की त्याच्या श्वासानं काच धुरकटली. शेवटी त्यानं बोट ठेवलं. नळीच्या खालच्या टोकाला, सांध्याच्या जरा वर.

"ही काय इथं."

मी वाकले. त्याच्या बोटाशेजारी केसाएवढी रेघ होती, तिरकी, वर जाता जाता विरणारी. एकदा दाखवल्यावर ती न दिसणं शक्य नव्हतं.

"मग हा 'नाही' का म्हणाला?" मामानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. शिकाऊ मुलाला विचारावं तसं विचारलं.

इंजिनिअरनं समजावून सांगितलं. मशीनला वहीवरून शिकवलेलं आहे. या फोटोसमोर वहीत 'दोष नाही' लिहिलंय, म्हणून अशी रेघ म्हणजे दोष नाही, असं तो शिकला. "पण काका, एका फोटोनं काही बिघडत नाही," ती घाईघाईनं म्हणाली.

"घोडीचं बिघडलं ना," मामा म्हणाला.

मला त्याचा अस्सा राग आला होता त्या क्षणी. आयती सुटका समोर ठेवली होती आणि हा माणूस ती स्वतःच्या हातानं परत करत होता. मी म्हटलं, "अरे, तू सांगितलं असतंस तरी मोठ्या डॉक्टरांनी ऐकलं असतं कशावरून? नुकतेच तर ओरडले होते."

"नसतं ऐकलं तर ते पाप त्यांच्याकडे लागलं असतं. मी सांगितलं नाही ते माझ्याकडे." तो इंजिनिअरकडे वळला. "दुरुस्त करता येतं का हे?"

येत होतं. चुकीची नोंद सापडली तर ती बदलायला एक अर्ज होता, पडद्यावरच. जागा दाखवा, दोष आहे की नाही ते लिहा, बघणाऱ्याचं नाव, बघणाऱ्याचं काम, खात्री किती. इंजिनिअरनं माझ्याकडे बघितलं, कारण अशा नोंदी डॉक्टरच करतात. मी म्हटलं, "माझं नाव घाल." मामा म्हणाला, "नाही. माझं."

त्यानं माउस हातात घेतला आणि त्या रेघेभोवती गोल काढला. तो काही गोल झाला नाही. 'दोष आहे' यावर त्यानंच टिचकी मारली. नाव सांगितलं, ते तिनं टाइप केलं. काम काय, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं "एक्स-रे काढणारा" म्हणून सांगितलं, आणि तेही तिनं तसंच टाइप केलं. चौतीस वर्षांत त्या दवाखान्याच्या कागदांवर मामाचं हे पहिलं मत होतं.

शेवटचा रकाना राहिला होता. खात्री किती? थोडी, बरीच, पूर्ण.

"थोडी लिही," मी पटकन म्हटलं. तेव्हा खात्री नव्हती असं त्यानंच मला सांगितलं होतं, आणि एवढं तरी त्याच्या पदरात राहावं असं मला वाटत होतं.

"पूर्ण," मामा म्हणाला. इंजिनिअरनं 'पूर्ण'वर खूण केली. मामा माझ्याकडे न बघता, पडद्याकडेच बघत म्हणाला, "तेव्हाही पूर्णच होती गं. मी रुसलो होतो."